ग्रहणीचे पथ्य आणि पाळीचे घड्याळ

तळोजा औद्योगिक वसाहतीलगतच्या नावडे येथे व्यवसाय करताना ग्रहणीदोषाचे रुग्ण नित्य पाहण्यात येतात. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराशी त्यांच्या लक्षणांचे बरेच साम्य असते. बहुतेकांच्या खिशात पथ्याचा एक कागद असतो. त्यावर 'वर्ज्य' या सदराखाली वीस पदार्थ. काय खावे, केव्हा खावे, याविषयी एक अक्षर नाही. असे कागद प्रस्तुत लेखकानेही वर्षानुवर्षे दिले आहेत, हे येथे मान्य केलेले बरे.

तिसऱ्या पाळीचा कामगार रात्रभर चहा-बिस्किटांवर राहतो, सकाळी घरी येऊन दोन वेळचे एकदम जेवतो आणि झोपतो. वर्ज्य असे त्याने काहीच खाल्लेले नसते. तरी उठताच पोटात मुरडा येतो. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात अग्निदुष्टीची कारणे सांगताना अभोजन, अतिभोजन व विषमाशन यांचा उल्लेख केला आहे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेचा सल्लाही जेवण चुकवू नये, दोन आहारांत फार अंतर ठेवू नये आणि चहा-कॉफी दिवसाला ३ कपांपुरती ठेवावी, असाच आहे.

दुसरी चूक भातबंदीची. पनवेल-उरणकडील माणसास भात आणि तांदळाची भाकरी सोडावयास लावणे म्हणजे त्याचे सात्म्यच काढून घेणे होय. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने विकसित केलेल्या फॉडमॅप आहारातही तांदूळ चालतो. गहू, कांदा, लसूण, राजमा वगळतात. तेही काही आठवड्यांपुरतेच, पुढे एकेक पदार्थ पुन्हा देऊन पाहतात. आपले कागद मात्र जन्मभराचे!

म्हणून कागद पाळीनुसार लिहावा. तिसऱ्या पाळीसाठी मी असा लिहितो: कामावर निघण्यापूर्वी, नऊच्या सुमारास, जुन्या तांदळाचा मऊ भात, मुगाचे पातळ वरण, दुधी वा पडवळ. रात्री दोनच्या सुमारास साळीच्या लाह्या आणि जिरे-सुंठ घातलेले, लोणी काढलेले ताजे ताक. दूध न सोसणाऱ्याने अर्ध्या वाटीपासून आरंभ करावा. सकाळी घरी आल्यावर केवळ पेज. झोपून उठल्यावर तांदळाची भाकरी व फळभाजी. फाटकाबाहेरचा वडापाव म्हणजे बेसन, लसूण व मैदा एकाच घासात. त्याविषयी अधिक काय लिहावे! अर्थात प्रकृती व मलाचे स्वरूप पाहून यात फेरफार करावा लागतोच.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती. इसबगोल वा कुटजारिष्ट वारंवार मागणाऱ्यास, "जेवता केव्हा?" एवढे अवश्य विचारावे. मलातून रक्त, वजनात घट, ज्वर, पांडुता किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असल्यास बाटली न देता त्यास त्वरित तपासणीस धाडावे. अशा रुग्णास आमचा आहाराचा कागदही देऊ नये.