आधी मुलांची खोली

घराचं काम काढलं की सगळ्यात हौसेनं सजते ती मुलांची खोली, आणि बहुतेक फ्लॅटमध्ये सगळ्यात लहानही तीच असते. दहा बाय दहाच्या जागेत भिंतभर वॉर्डरोब, बंक बेड, अभ्यासाचं टेबल, वर लॉफ्ट. हवा थोडी आणि बोर्ड भरपूर. रात्री दार-खिडक्या लावून एसी सुरू केला की पोर आठ-नऊ तास त्याच हवेत झोपतं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच थंड करून फिरवतो. सकाळी डोळे चुरचुरले, घसा खवखवला, की आपण म्हणतो एसी बाधला. दोष त्या बोर्डांचाही असू शकतो.

एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि स्वस्त कमर्शियल प्लाय यांतला लाकडाचा भुसा किंवा पापुद्रे बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिननं चिकटवलेले असतात. दमट हवेत हे रेझिन हळूहळू विघटित होतं आणि फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. उकाडा वाढला की आणखी. मुंबई, रत्नागिरी, पणजीत दोन्हींची वानवा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये हा वायू माणसाला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये घरातल्या हवेसाठी मर्यादा सांगितली: घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाची सरासरी. जपानमध्ये २००३ पासून असं साहित्य किती वापरायचं, याला खोलीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात कायद्याचीच मर्यादा आहे. आपली २००९ची राष्ट्रीय मानकं बाहेरच्या हवेतल्या १२ प्रदूषकांची, आणि त्यांत फॉर्मल्डिहाइड नाही. म्हणून लक्ष आपणच ठेवायचं, तेही प्लायच्या दुकानात, सुताराची करवत चालण्याआधी.

कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये नुसतं ‘प्लाय’ लिहिलेलं मान्य करू नका. बोर्ड फॉर्मल्डिहाइड उत्सर्जनाच्या ‘ई-१’ श्रेणीचा किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा हवा, हे लिहून घ्या. आयएस ७१० ची मरीन प्लाय फिनॉलिक रेझिनची असते. तिच्यातून फॉर्मल्डिहाइड खूपच कमी सुटतं. ती महाग आहे, खरं. बजेट पुरत नसेल तर ती झोपायच्या खोल्यांत वापरा आणि लॉफ्ट रद्द करा. जुनं लोखंडी कपाट चांगलं असेल तर भंगारात देऊ नका. समोरून सनमायका लावला तरी कपाटाची पाठ, आतले कप्पे आणि कापलेल्या कडा उघड्याच राहतात, वायू तिथूनच सुटतो. हे सगळे भाग बंद करायला सांगा. आणि स्वस्तात चकाकी देणारं मेलामाइन पॉलिश टाळा, कारण सुकताना आणि नंतरही ते फॉर्मल्डिहाइड सोडतं.

यानंतर लागतो तो वेळ. एकीकडे भाडं, दुसरीकडे कर्जाचा हप्ता, त्यात वास्तुशांतीचा मुहूर्त. घाई का होते ते मला कळतं. तरीही काम संपलं आणि लगेच राहायला गेलो, असं करू नये. सुरुवातीचे आठवडे वायू सर्वात जास्त सुटतो, पुढे कमी होत महिनोन्‌महिने सुटत राहतो. कपाटांची दारं आणि ड्रॉवर सताड उघडे ठेवा, समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एका खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावा. राहायला जावंच लागलं तर पहिले काही महिने मुलांना हॉलमध्ये झोपवा. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका, नाक सरावतं.

झाडांवर मात्र विसंबू नका. झाडं हवा शुद्ध करतात म्हणून ज्याचा दाखला देतात, तो नासाचा १९८९चा प्रयोग हवाबंद पेटीतला होता. २०१९ च्या एका आढाव्यानुसार साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला चौरस मीटरमागे दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. एअर प्युरिफायरचा हेपा फिल्टर धूळ पकडतो, वायू नाही. उदबत्तीच्या धुरात तर स्वतःचंच फॉर्मल्डिहाइड असतं.

आणि सुतार? त्यांचा मुक्काम अनेकदा त्याच फ्लॅटमध्ये असतो. धूळ जिन्यात येते म्हणून सोसायटी दार बंद करायला लावते, आणि करवतीचा भुसा, पॉलिशचा वास यांतच ते जेवतात, झोपतात. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवायला लावा, चांगले मास्क स्वतः आणून द्या, आणि पॉलिशचं काम सुरू झालं की त्यांची झोपायची सोय दुसरीकडे करा. तो खर्च कोटेशनमध्येच धरा.