रेल्वेची सुरक्षितता आणि दुरुस्तीचे दिवस

दाभोळला रेल्वे नाही. वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेल्या या जुन्या बंदरातून मुंबईस निघणारा चाकरमानी एके काळी आगबोटीची वाट पाही; आता तो एस.टी.ने खेड नाहीतर चिपळूण गाठतो आणि कोकण रेल्वेत चढतो. पुढे कुठल्यातरी लहान स्थानकात गाडी थांबते, ‘क्रॉसिंग आहे’ असे कोणीतरी सांगते आणि सारा डबा चरफडू लागतो. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्याच्या दक्षिणेस मार्ग आजही बहुतांशी एकेरीच आहे. समोरची गाडी याच रुळांवरून यावयाची आहे, हे चरफडणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ध्यानात असते कोण जाणे.

त्या दोन गाड्यांना एकमेकींपासून दूर ठेवणारी व्यवस्था मुळात एकोणिसाव्या शतकातील आहे. दोन स्थानकांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडावयाची. आणि सांधा ज्या मार्गाकडे वळलेला असेल त्याच मार्गाचा सिग्नल उतरू द्यावयाचा. या दुसऱ्या बंधनाला इंटरलॉकिंग म्हणतात. तरफा गेल्या, रिले आले, आता संगणकीय यंत्रणा आली. तत्त्व तेच राहिले. ते जुने झाले म्हणून टकरी होतात, असा एक सोपा समज आहे. अलीकडच्या मोठ्या टकरींचा इतिहास मात्र निराळेच काही सांगतो. दुरुस्तीसाठी, विस्तारासाठी किंवा बिघाडामुळे ही व्यवस्था जेव्हा बाजूला ठेवली जाते, तेव्हा घात होतो.

२ ऑगस्ट १९९९ रोजी गैसल येथे अवध-आसाम एक्स्प्रेस आणि ब्रह्मपुत्रा मेल समोरासमोर आदळल्या व पावणेतीनशेंहून अधिक माणसे मेली. किशनगंज स्थानकात काम चालू असल्यामुळे तेथील इंटरलॉकिंग स्थगित होते. गाडी भलत्या मार्गावर गेली आणि ते वेळीच कोणाच्या लक्षात आले नाही. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. ताशी सुमारे १२८ किलोमीटर वेगाने ती उभ्या मालगाडीवर गेली. दोनशे नव्वदांहून अधिक बळी पडले. फाटकाचा अडसर बदलण्याच्या कामात, आणि त्याही आधी, सिग्नलच्या तारांच्या जोडणीत चुका झाल्या होत्या, असा निष्कर्ष रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी काढला. त्याच अहवालातील दुसरी नोंद अधिक अस्वस्थ करणारी आहे. १६ मे २०२२ रोजी, त्याच खरगपूर विभागात, बांक्रा नयाबाज येथे चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हा कोणी मेले नाही. म्हणून, असे म्हणणे प्राप्त आहे, कोणी शिकलेही नाही.

१७ जून २०२४ रोजी रंगापाणीजवळ एका मालगाडीने कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडक दिली. हे ठिकाण गैसल ज्या मार्गावर आहे त्याच मार्गावर, पंचवीस वर्षांनंतर! स्वयंचलित सिग्नल सकाळपासून बिघडले होते आणि चालकांना लाल सिग्नल ओलांडण्याची परवानगी टी/ए ९१२ नावाच्या पत्रकावर दिली जात होती. त्या पत्रकावर वेगाची मर्यादा लिहिलेली नव्हती. तेच पत्रक घेऊन त्या सकाळी गेलेल्या इतर चालकांनीही नियमाचा अर्थ एकसारखा लावला नव्हता, असे चौकशीत आढळले. अशा वेळी मृत चालकाच्या माथी सारा दोष मारून मोकळे होण्याची घाई शोभत नाही.

आता ‘कवचा’विषयी. गैसलनंतर टक्कररोधक यंत्राची कल्पना पुढे नेली ती कोकण रेल्वेने, तिचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांच्या पुढाकाराने. ‘रक्षा कवच’ हे नावही तेथलेच. ते यंत्र उपग्रहावर विसंबून होते आणि शेजारशेजारच्या रुळांतला भेद ओळखण्यात अडखळत होते. पुढे निराळ्या तंत्राने, रेडिओ व रुळांवरील खुणांच्या आधारे, घडवलेले ‘कवच’ २०२० मध्ये राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारण्यात आले. मनमाड-मुदखेड मार्ग त्यात आला, जुलै २०२५ मध्ये मथुरा-कोटा आला. कर्णाचे कवच जन्मजात होते. हे किलोमीटरमागून किलोमीटर जोडावे लागते. चालकाने लाल सिग्नल ओलांडला तर ते ब्रेक लावील, आणि हा लाभ लहान नव्हे. परंतु ते सिग्नलचे ऐकते. बहानग्याला सिग्नलच खोटे बोलत होता.

कोकण रेल्वेवरील मोठे अपघात टकरींचे नव्हते. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ दरडीने बळी घेतले. त्यानंतर पावसाळ्यात वेग कमी ठेवणारे वेळापत्रक कोकणी माणसाने कुरकुरत का होईना स्वीकारले. उशीर ही सुरक्षिततेची किंमत आहे, हे या मार्गाला निसर्गाने शिकविले. कामाच्या दिवसांना मात्र हा न्याय आपण लावीत नाही. मधल्या काळात कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड अशी नवी क्रॉसिंग स्थानके झाली. मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. दुहेरीकरण पुढे सरकेल तसतसे प्रत्येक स्थानकातील इंटरलॉकिंग पुनःपुन्हा उघडावे लागेल. ते गणपतीच्या गर्दीच्या तोंडावर, जादा गाड्या सोडून, घाईघाईने उरकावयाचे की त्या दिवशी गाड्या रोखून धरावयाच्या, हा निर्णय कोणी घ्यावयाचा?

अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्ये याचे उत्तर दिले होते. १९,००० किलोमीटर मुख्य मार्गांवर प्रगत सिग्नल यंत्रणा तिने सुचविली, ती शिफारस सर्वांना आठवते. गाडी चालविणाऱ्यांपासून स्वतंत्र, कायद्याने अधिकार दिलेले सुरक्षा प्राधिकरण असावे, ही दुसरी शिफारस मागे पडली. आयुक्त आजही प्रामुख्याने अपघातानंतर चौकशी करतात आणि शिफारशी करतात. त्या अमलात आणावयाच्या की नाही, हे रेल्वेच ठरविते. बांक्रा नयाबाजची ती मे महिन्यातील चूक शेजारच्या बालासोरपर्यंत वर्षभरात पोहोचली नाही. ती खेडच्या सिग्नल-कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम आज नेमके कोणाकडे आहे, हे रेल्वे मंडळाने एकदा जाहीरपणे सांगावे.