आई, पिंपळाची पानं आत्ता का गळतात?

मार्चमधली गोष्ट. माझी मुलगी तेव्हा सिनियर केजीत होती. वर्गात उन्हाळ्याचे चित्र काढायला सांगितले होते. बाकीच्या मुलांनी सूर्य, पंखा, आइस्क्रीमचा कोन असे काय काय काढले. हिने काढले एक झाड आणि त्याच्याखाली तपकिरी पानांचा ढीग. बाईंनी प्रेमानेच समजावले, "अगं, पानं ऑटममध्ये गळतात." घरी आल्यावर दप्तर खाली ठेवायच्या आधी तिने मला विचारले, "पण आई, आपल्या गेटजवळच्या पिंपळाची तर आत्ताच गळताहेत ना?"

मी गॅलरीतून पाहिले. पिंपळ निम्मा उघडा झाला होता. रोज मी त्याच्याखालून ऑफिसला जाते, पण घड्याळाकडे बघत. माझ्या काही ते ध्यानात आले नव्हते.

बाईंना तरी का दोष द्यायचा? पुस्तकातला तो ऑटम थंड मुलखातला. तिकडची झाडे हिवाळ्याच्या तोंडावर पाने टाकतात. आपल्याकडे पिंपळ, कडुलिंब, साग, पळस यांची पानगळ होते ती थंडी सरताना आणि ऊन तापू लागताना. पानांमधून झाडाचे पाणी सतत वाफ होऊन जात असते. जमीन सुकू लागली की पाने टाकून झाड ते पाणी वाचवते. पाच वर्षांच्या मुलीला मी एवढेच सांगितले, "झाडाला पाणी पुरवून पुरवून वापरायचंय, म्हणून ते पानं कमी करतं." तिला ते लगेच पटले. आमच्या सोसायटीत पाणी एक वेळच येते!

पण मला खरी टोचणी लागली ती वेगळी. मुलीने डोळ्यांनी पाहिलेले खरे होते आणि तरी तिला वाटत होते की आपलेच चुकले. मग ठरवले, रोज सकाळी शाळेच्या रिक्षापूर्वी दहा मिनिटे पिंपळाखाली जायचे. शिकवायचे काही नाही, फक्त विचारायचे, "कालच्यापेक्षा आज वेगळं काय दिसतं?"

आठवड्याभरात फांद्यांना तांबूस, तेलकट चमकेची कोवळी पाने फुटली. पावसाचा पत्ता नसताना! शेजारच्या कडुलिंबावर बारीक पांढरी फुले आली. ती मला दिसलीच नाहीत, वास तिला आधी आला. मुलांचे नाक आपल्यापेक्षा तयार असते, आणि नजर जमिनीजवळ. मुंग्यांची रांग, गळलेली बाळकैरी, कावळ्याच्या चोचीतून पडलेला तारेचा तुकडा हे सगळे तिचे शोध. कावळे काड्या नि तारा नेताना दिसू लागले की कोकिळेचीही गडबड सुरू होते, कारण ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. आणि 'कुहू' करते ती कोकिळा नव्हे, तो काळा नर. मादी असते ठिपक्याठिपक्यांची तपकिरी. हे मलाही लग्नानंतर सासूबाईंकडून कळले.

सासूबाईंचाच विषय निघाला म्हणून सांगते. एप्रिलमध्ये सावरीची बोंडे फुटून कापूस उडायला लागला, तेव्हा गुडघेदुखी विसरून त्या नातीबरोबर तो पकडायला धावल्या. घरात आजी-आजोबा असतील तर हे काम खुशाल त्यांच्यावर सोपवा. एक मात्र सांभाळा, झाडांच्या नावांची परीक्षा घेऊ नका. "हे कुठलं झाड, सांग बरं?" असे दोनदा विचारले की तिसऱ्या दिवशी मूल कार्टून लावून बसते. आपल्याला नाव येत नसेल तर तसे सांगावे. आमच्याकडे एक झाड अजून 'टोचरं झाड' आहे.

बाहेर जायचे ते सकाळी आठच्या आत नाहीतर ऊन उतरल्यावर. बरोबर पाण्याची बाटली आणि डोक्यावर टोपी हवीच. तुम्ही इंदूर-दिल्लीकडे असाल तर बहाव्याला तिकडे अमलतास म्हणतात. दिल्लीकडे तो जरा उशिरा फुलतो, तेव्हा मुलांना आधीपासून कळ्यांवर लक्ष ठेवायला सांगा.

दुपारची गंमत एकच, आणि ती गॅलरीतूनही दिसते. सरळ उभ्या बाटलीची सावली दिवसेंदिवस आखूड होत जाते आणि एका दुपारी बाराच्या पुढे काही क्षण नाहीशीच होते. बेंगळुरूला हे २४-२५ एप्रिलच्या सुमारास घडते, पुण्या-मुंबईला मेच्या मध्यावर, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तिथे सूर्य कधीच थेट डोक्यावर येत नाही. मी हे सांगताच मुलीने दिल्लीच्या मावसभावाला फोन लावला आणि फार काळजीने विचारले, "दादा, तुझी सावली कधीच जात नाही?"