निवडलेल्यांची सोय झाली, उरलेल्यांची काय?

राजापूर तालुक्यांतील पडवे येथील जवाहर नवोदय विद्यालयाचें नांव न ऐकलेला पालक आपल्या जिल्ह्यांत आतां विरळाच. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतून अशा शाळा जिल्ह्याजिल्ह्यांत निघाल्या. पांचवींतील मुलांची परीक्षा घेऊन त्यांतून जास्तींत जास्त ८० मुलें सहावीस घ्यावयाचीं. शेंकडा ७५ जागा खेड्यांतील मुलांस व निदान एकतृतीयांश जागा मुलींस द्यावयाच्या. राहणें, जेवण, गणवेश व पुस्तकें सरकारी खर्चानें पुरवावयाचीं, अशी ही योजना आहे. ती स्तुत्य आहे, याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं.

या शाळांची रहाणीहि पाहण्यासारखी असते. अरवली, निलगिरी, शिवालिक व उदयगिरी या डोंगरांच्या नांवांनीं मुलांचीं चार कुळें पाडलेलीं असतात. पहाटे कवायत, मग प्रार्थनासभा, सायंकाळीं खेळ, रात्रीं शिक्षकांच्या नजरेखालीं अभ्यास. आणि जेवतांना खोताचा नातू व कुळाचा नातू एकाच पंक्तीस. नववींत कांहीं मुलें वर्षभर हिंदी मुलुखांतील नवोदयांत जातात आणि तिकडचीं मुलें इकडे येतात. देश एक आहे हा धडा याहून चांगला कोणतें पुस्तक देईल ?

परंतु या दाराची चौकट फार अरुंद आहे. दोन तासांची परीक्षा, ८० प्रश्न. आणि एकदां चुकलें तर पुन्हां बसण्याची परवानगी नाहीं! दहाअकरा वर्षांच्या मुलाची योग्यता एका सकाळींत कायमची ठरावी, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५ सालीं परीक्षेसाठीं घाट चढून पायीं साताऱ्यास गेले. ते वयानें लहान दिसतात एवढ्यावरून परीक्षकांनीं त्यांस परत पाठविलें. पुढें दुसऱ्या खेपेस ते ती परीक्षा उतरले. त्यांनींच १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें व १९५८ सालीं ते भारतरत्न झाले. त्यांस दुसरी खेप मिळालीच नसती तर ?

हा नियम बदलणें दिल्लीकरांच्या हातीं आहे, व तशी मागणी आपण अवश्य करावी. पण आपल्या हातीं कांहींच नाहीं काय ? नवोदय शाळेनें आपल्या भोंवतालच्या शाळांस वाट दाखवावी, हाहि मूळ योजनेचाच हेतु होता. मग विचारूं या, कीं तेथील कोणत्या गोष्टीस परीक्षेची चाळणी लागते ? रात्रींच्या देखरेखीच्या अभ्यासास लागत नाहीं. पुस्तकांच्या कपाटास लागत नाहीं. सहभोजनासहि लागत नाहीं. हुशार मुलें वेचून एकत्र आणलीं म्हणूनच तीं चमकतात, असें कोणी म्हणेल. त्यांत तथ्य आहे, पण अर्धेंच. उरलेलें अर्धें श्रेय त्या निगेचें आहे, आणि निगा कोणत्याहि मुलाची राखतां येते.

रत्नागिरीच्या व्यापाऱ्यांस हें निराळें सांगावयास नको. पेटी भरतांना आंब्याची प्रतवारी ते करितातच. पण लहान फळ कोणी समुद्रांत टाकीत नाहीं. तें कॅनिंगला जातें व त्याचेंहि दाम होतें. फळाविषयीं जो शहाणपणा, तो मुलांविषयीं कां नसावा ?

वाचकहो, ज्यांस सामर्थ्य आहे त्यांनीं आपल्या गांवच्या वाडींत, देवळाच्या सभामंडपांत किंवा शाळेच्या ओट्यावर, एक दिवा, एक कपाट पुस्तकें आणि रात्रीं दोन तास बसणारा एक शिक्षक, एवढी सोय करून द्यावी. स्वतःच्या मुलाच्या शिकवणीवर जें आपण खर्चितों त्याचा थोडा अंश यास पुरे होईल. निवड झालेल्या मुलांचें अभिनंदन आपण दरवर्षीं करितों. यंदां, यादींत नांव न आलेल्या एका तरी मुलाच्या घरीं जाऊन, तो आतां कोठें अभ्यासाला बसतो, हें विचारावें.