रविवार कोणाच्या झोपेचा?

रविवारी सकाळी नऊपर्यंत अंथरुणात असलेल्या माणसाला आळशी म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांला ती अन्यायाची वाटते. आठवडाभर अकराला निजून पाचला उठणारा नोकरदार शनिवारी रात्री एकला झोपून रविवारी नऊला उठतो, तेव्हा त्याच्या झोपेचा मध्यबिंदू दोनवरून पाचवर सरकतो. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांतील या अंतराला म्युनिकच्या टिल रोएनेबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली 'सोशल जेटलॅग' असे नाव दिले. विमानात पाऊल न ठेवता माणूस दर आठवड्याला जणू परदेशी जाऊन येतो. त्याची रविवारची झोप हा आळस नव्हे. ती थकबाकीची अर्धीमुर्धी फेड आहे.

मात्र हे मोजमाप एक गोष्ट गृहीत धरते: आठवड्यात सुट्टीचा एक दिवस असतो. तो दिवसही आपोआप मिळालेला नाही. मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली.

गिरणीत पोचलेला तो रविवार वाशीम जिल्ह्यातल्या शेतावर अद्याप पोचलेला नाही. सोयाबीन निघाले की हरभरा आणि गहू उभे राहतात, आणि ओलिताचे दिवस सुरू होतात. विहिरीवरची मोटार थ्री फेजवर चालते. कृषिपंपांना वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने वीज मिळत आली आहे: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीची लाईन आली की शेतकरी थंडीत, साप-रानडुकरांच्या भीतीत, बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघतो. त्याच्या झोपेचा आठवडा दिनदर्शिका ठरवत नाही, फीडरचे वेळापत्रक ठरवते. त्यात वार बदलतो, विश्रांतीचा दिवस येत नाही.

'दिवसा झोपावे की', असे कोणी म्हणेल. पण शरीरातले घड्याळ सूर्यप्रकाशावर चालते. दिवसाची झोप तुटक आणि उथळ होते. शिवाय उजाडल्यावर गुरे, मजूर आणि बाजार त्याची वाटच पाहत असतात.

झोपेचा विचार शासनाला अपरिचित आहे असे नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. २०२४ साली चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेश निघाला, तो मुलांच्या अपुऱ्या झोपेचे कारण देऊनच. शेतकऱ्याला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ साली. या योजनेची चर्चा मात्र मेगावॉट, अनुदान आणि वीजदर यांच्याच भाषेत होते.

आमचे म्हणणे इतकेच की, या हिशेबात झोपेचाही एक रकाना असावा. किती फीडर सौर झाले, एवढे सांगून भागणार नाही. किती शेतकऱ्यांची रात्रपाळी कायमची संपली, तेही सांगावे. दिवसाची वीज ही सवलत नव्हे. ज्याच्या वाट्याला रविवार कधी आलाच नाही, त्याला निदान रात्र तरी परत मिळावी.