पक्षी जवळून नको, नीट पाहू या

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, पक्षीनिरीक्षणाहून परतलेल्या मुलांना आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? "किती पक्षी दिसले?" माझ्या मते हा प्रश्न बदलायला हवा. का, ते अमेरिकेतल्या एका बेटाच्या उदाहरणावरून सांगतो.

अलाबामा राज्याच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखातात डॉफिन नावाचं बेट आहे. किनाऱ्याला समांतर पसरलेली ही वाळूची लांबट पट्टी लाटांचा मार स्वतः झेलते आणि मागचा किनारा सांभाळते. २००५ च्या कतरिना वादळात तर या बेटाचे दोन तुकडे झाले होते.

एप्रिलमध्ये असंख्य छोटे पक्षी दक्षिणेकडून उत्तरेला निघतात. संध्याकाळी युकातान द्वीपकल्पावरून उडायचं आणि सुमारे १००० किलोमीटर समुद्र न थांबता पार करायचा. त्यात जेमतेम ३ ग्रॅम वजनाचा हमिंगबर्डसुद्धा असतो! वाटेत ना झाड, ना जमीन. अंगात साठवलेली चरबी हीच शिदोरी.

आता बघा, दक्षिणेचा वारा पाठीशी असला की बरेच पक्षी बेटावर न थांबता पुढे निघून जातात. पण उत्तरेचा वारा आणि पाऊस आडवा आला, की दमलेले पक्षी दिसेल त्या पहिल्या जमिनीवर उतरतात. झाडं रंगीबेरंगी पक्ष्यांनी भरून जातात. पाहणाऱ्यांची दिवाळीच! पक्ष्यांच्या मात्र तो दिवस जिवावर बेतलेला असतो. अशा वेळी फोटोसाठी आपण दोन पावलं पुढे गेलो आणि पक्षी उडाला, तर त्याची उरलीसुरली ताकद आपल्यामुळे खर्च होते.

आपल्याकडे भिगवणला किंवा ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो पाहायला जातानाही हे लक्षात ठेवायला हवं. थवा उडताना छान दिसतो म्हणून नावाड्याला "दादा, जरा जवळ घ्या" असं सांगू नका. आपण बोटीत जसे वागतो, तेच मुलं उचलतात.

लांबून मुलांना काय दिसणार, असं कोणी म्हणेल. एक दुर्बीण पाच जणांत फिरवा आणि एकाच पक्ष्याकडे दहा मिनिटं बघायला लावा. मग परतल्यावर विचारा, "तो काय खात होता? कसा खात होता? आपण आल्यावर त्यानं खाणं थांबवलं का?"

शेवटच्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर आलं, तर सहल सफल झाली म्हणायची.