तबकडीचा जमाखर्च



दिवाळीपूर्वीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरून लग्नकार्याच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट खाली येतात आणि ‘याची डीव्हीडी करून घ्यावी, पण कशी?’ असा प्रश्न मजकडे येतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर हा छंद मी जोपासला, त्यामागे माझ्याच घरी घडलेली एक चूक आहे.

१९९४ साली माहूर येथे माझ्या धाकट्या बंधूचा विवाह झाला. चित्रण दोन कॅसेटींत होते, प्रत्येकी दोन तासांचे. पुढे कित्येक वर्षांनी त्या मी एका दुकानी दिल्या आणि व्यवहारी बुद्धीने बजावले, ‘‘चारही तास एकाच तबकडीत बसवा.’’ त्याने तसे केले. घरी आल्यावर पहिली दहा मिनिटे पाहून मी समाधान मानले. पहिल्या कॅसेटला बुरशी धरू लागली होती, ती टाकून दिली. दुसरी बहीण लातूरला घेऊन गेली.

आई गेल्यानंतर एके दिवशी आम्ही सारे ती तबकडी पाहावयास बसलो. मंगलाष्टके सुरू झाली, ज्वारीच्या अक्षता पडू लागल्या आणि नेमक्या त्या क्षणी आईचा चेहरा बारीक चौकोनांत विरून गेला. अक्षता थांबल्या की चेहरा परत येई, पडू लागल्या की जाई. दोष दुकानदाराचा नव्हता, माझ्या सूचनेचा होता.

असे का होते? डीव्हीडीवरील चित्र एमपेग-२ पद्धतीने साठविलेले असते. आपल्याकडील पॅल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे येतात, परंतु ती सर्व पूर्ण लिहिली जात नाहीत. साधारणतः १२ ते १५ चित्रांमागे एक पूर्ण, आणि मधल्या चित्रांत काय हलले, काय बदलले एवढीच नोंद. खातेवहीत आरंभीची शिल्लक एकदा लिहावी आणि पुढे फक्त उलाढाल नोंदवावी, तसेच हे आहे. वधूवर स्वस्थ बसले असतील तर उलाढाल थोडी. अक्षता पडतात तेव्हा शेकडो दाणे प्रत्येक चित्रात नव्या जागी. नोंदींचा पूर येतो. लिहावयास जागा अपुरी असेल तर यंत्र तपशील गाळते, आणि गाळलेला तपशील पुन्हा मिळत नाही. सेकंदाला नोंदीसाठी किती जागा द्यावयाची, तो आकडा म्हणजे बिटरेट.

आता हिशेब. साध्या तबकडीची क्षमता ४.७ जीबी. (संगणक तीच ४.३७ दाखवितो, तो हजाराऐवजी १०२४ने मोजतो, तबकडीत खोट नसते.) एका बाइटचे आठ बिट, म्हणून ३७,६०० मेगाबिट. मेन्यू आणि किरकोळ खर्चासाठी थोडे राखून ३६,००० धरावे आणि चित्रणाच्या सेकंदांनी भागावे. दोन तासांचे ७,२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट. त्यातून आवाजाचे वजा करावयाचे. येथे पुष्कळ जण फसतात. आवाज पीसीएम पद्धतीने ठेवला तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो. डॉल्बी डिजिटल १९२ किलोबिटवर ठेवला तर ०.२ मध्ये भागते आणि चित्रास ४.८ उरतात. तीन तासांना चित्राच्या वाट्यास ३.१ येतात. माझ्या चार तासांना आले होते २.३.

एकच तास असेल तर भागाकार १० देतो, परंतु डीव्हीडीच्या नियमानुसार चित्रास कमाल ९.८ची मर्यादा आहे, आणि घरी लिहिलेल्या तबकड्यांवर जुने प्लेअर तेवढ्यानेही अडखळतात. मी ८च्या वर जात नाही.

सॉफ्टवेअर सीबीआर की व्हीबीआर असे विचारते. सीबीआर म्हणजे ठरावीक हप्ता, गरज असो वा नसो. व्हीबीआर म्हणजे आपले कॅश क्रेडिट. मंदीत कमी उचल, हंगामात अधिक, सरासरी मात्र ठरलेली. एका तासापर्यंतच्या चित्रणास सीबीआर चालेल. त्याहून लांब असल्यास ‘टू-पास’ व्हीबीआर निवडावे. पहिल्या फेरीत यंत्र हिशेब तपासनिसासारखे सारे चित्रण नुसते चाळते, दुसऱ्या फेरीत वाटप करते. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. रात्री लावून निजावे.

व्हीएचएस कॅसेटीसाठी आणखी एक सोय आहे. तिच्यात आडवा तपशील मुळातच २४० रेषांच्या आसपास असतो. ७२० × ५७६ ऐवजी ३५२ × ५७६ हा निम्म्या रुंदीचा आकारही डीव्हीडीस मान्य आहे, आणि पडद्यावर तो पूर्ण रुंदीत पसरतो. चित्रण लांब असेल तर तोच घ्यावा. निम्म्या बिंदूंना तेवढीच जागा मिळते. चित्र मात्र इंटरलेस्डच ठेवावे आणि फील्डचा क्रम कॅप्चरमध्ये असेल तोच द्यावा. तो उलटा पडला की हलणारे हात थरथरल्यासारखे दिसतात.

आणि मूळ कॅसेट टाकू नये. व्हीसीआर बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबविले. चालू स्थितीतले यंत्र परिचयात कोठे असेल तर ते बिघडण्यापूर्वी कॅप्चर उरकावे. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी लागतात. ती फाइल हार्ड डिस्कवर राहू द्यावी, तबकडी तिच्यावरून पुन्हा केव्हाही करता येते.

गेल्या वर्षी लातूरहून दुसरी कॅसेट आणविली. दोन तास, एक तबकडी, सरासरी ४.८, कमाल ८, दोन फेऱ्या. तिच्यात पंगत आहे. आपल्या रिवाजाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी उरकलेली, म्हणून सारे चित्रण दिवसाउजेडी. अंधुक प्रकाशातल्या चित्रणात जे कण वळवळतात आणि फुकट जागा खातात, ते येथे जवळजवळ नाहीत. आई बुंदी वाढीत पंगतीतून येते, कॅमेऱ्याकडे पाहून पदर सावरते. पदराचे काठ स्पष्ट दिसतात.